बार्नेटचं धुकं: 28 मिलिमीटरच्या फौजेच्या नोंदी

26 ऑक्टोबर

सोसायटीतल्या पोरांचा किल्ला आज मोडला. अळीव बोटभर उंच झाले होते. माती उपसताना मातीचे दोन मावळे मी मागून घेतले. एकाचं नाक गेलंय, दुसऱ्याच्या भाल्याची तार वाकलीय. दोघं आता माझ्या टेबलावर पहाऱ्याला उभे आहेत. बोटाएवढी माणसं रंगवायचा नाद मला लहानपणी यांच्यापासूनच लागला. पंधराव्या शतकातले इंग्रज शिपाई मागाहून आले.

तर यंदाचं काम बार्नेटची लढाई, 28 मिलिमीटरचे शिपाई रंगवून टेबलावर फाशांनी खेळायची. 14 एप्रिल 1471, ईस्टरचा रविवार, लंडनच्या उत्तरेला. राजा चौथा एडवर्ड एकीकडे, आणि दुसरीकडे त्याला दहा वर्षांपूर्वी गादीवर बसवणारा वॉरिकचा अर्ल. गुलाबांची युद्धं म्हणतात, पण आपल्याकडे त्याला सरळ भाऊबंदकी म्हणतील. वॉरिक हा एडवर्डचा सख्खा मामेभाऊ. वॉरिकच्या बहिणींपैकी एक दिली होती ऑक्सफर्डच्या अर्लला आणि दुसरी लॉर्ड हेस्टिंग्जला. बार्नेटला ऑक्सफर्ड वॉरिककडून लढला, हेस्टिंग्ज एडवर्डकडून, आणि नेमके दोघे एकमेकांसमोर आले. इंग्रजीत दोघांनाही नुसतं ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणून सोडून देतात. साडू-साडूंची लढाई होती हे मराठीत सांगितलं की लगेच चित्र उभं राहतं.

2 नोव्हेंबर

पार्सल आलं. कस्टम्सने किती घेतले ते इथे लिहीत नाही, नवरा वाचतो.

तीन पेट्या, नॉटिंगहॅमच्या पेरी या जुळ्या भावांच्या. प्रत्येकीत 40 प्यादे, म्हणजे 120. हिशेब असा: दोन्ही बाजूंना तीन-तीन फळ्या, प्रत्येक फळीत 18 जण, झाले 108. उरलेले 12 वॉरिकच्या राखीव फळीला. एडवर्डची राखीव तुकडी त्याच्या मधल्या फळीतच धरली. सरदार आणि घोडेस्वार जुन्या साठ्यातून.

एडवर्डच्या बाजूने लिहिलेल्या वृत्तांतात त्याचे 9,000 आणि शत्रूचे 30,000 असा आकडा आहे. जिंकणाऱ्याच्या बखरीत आकडे असेच असायचे. मी दोन्हीकडे जवळपास सारखीच माणसं ठेवलीत.

9 नोव्हेंबर

जोडकाम. फ्रेममधून हात, डोकी, धनुष्यं वेगळी करायची, साच्याच्या कडा ब्लेडने खरवडायच्या. हे कंटाळवाणं काम टाळलं तर रंग चढल्यावर प्रत्येक पायावरून एक उभी शिर दिसते, आणि मग ती सोडून काहीच दिसत नाही. दिवसाला बारा जण, रेडिओ लावून.

धनुर्धाऱ्यांचे हात जोडताना एक गोष्ट पाळते. ओढणारी कोपरं सगळ्यांची एका उंचीवर नकोत. काहींनी बाण नुकताच सोडलाय, काही कमरेच्या जुडग्यातून नवा उपसतायत. जुडग्यात 24 बाण असत. नेम धरून सोडायला वेळ असेल तर 24 पुरतात, नाहीतर चार-पाच मिनिटांत संपतात.

बिल या हत्याराबद्दल मावसभावाने विचारलं, “ताई, हा भाला की कुऱ्हाड?” म्हटलं, कोयता आहे रे. कुंपण छाटायचा कोयता लांब दांड्याला बसवला, पुढे टोक आणि मागे आकडा काढला की झालं बिल. शेतकऱ्याच्या हाताला सवयीचं.

15 नोव्हेंबर

माती खाल्ली. सकाळी पाऊस पडून गेला होता, गच्ची ओलसर, हवा जड. तरी रविवारपर्यंत थांबवेना म्हणून चाळीस जणांवर काळ्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा मारला. वाळल्यावर बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. थेंब भुकटीसारखे बसलेत. चेहरे गायब.

16 नोव्हेंबर

चाळीस जण डेटॉलमध्ये, बरणीत. प्लास्टिकला काही होत नाही, रंग सुटतो. मात्र एक सांगून ठेवते: बाहेर काढल्यावर थेट नळाखाली धरायचे नाहीत. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक होतो आणि तो कशानेच जात नाही. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासायचं, पुसायचं, मग साबण, मग पाणी. घराला दिवसभर दवाखान्याचा वास. आईने विचारलं, कोणाला लागलं?

23 नोव्हेंबर

कोरड्या दुपारी पुन्हा प्रायमर. नीट बसला.

7 डिसेंबर

आजचा दिवस जॅकचा. जॅक म्हणजे साध्या शिपायाचं चिलखत, पण कापडाचं. लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, कापडाचे थरावर थर घालून ते शिवत. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या फर्मानात 25 ते 30 थर आणि वर हरणाचं कातडं असं माप दिलेलं आहे. पोलादी चिलखत परवडणारे थोडे. बाकी सगळे या गोधडीत.

गोधडी हा शब्द मी सहज वापरला आणि आईने धागा पकडला. ती खिडकीपाशी बसून खरोखरच गोधडी शिवत होती.

“तीस थर? सुई जाईल का त्यातून?”

“दाभण वापरत असतील.”

“दाभण गेलं तरी दोरा ओढताना बोटं कापतील. आणि टाके जवळजवळ घालावे लागतील, नाहीतर आतले थर सरकतात.” मग माझ्या हातातला शिपाई भिंगाखाली धरून म्हणाली, “हे बघ, याने बरोबर घातलेत. पण तू सगळा एकाच पांढऱ्या रंगात रंगवलायस. उन्हात वापरलेलं कापड असं दिसतं होय? खांद्यावर विटतं, काखेत काळं पडतं, टाक्यांच्या खाचेत मळ बसतो.”

तिचं ऐकून बदललं. आधी मळकट खाकी, त्यावर पातळ तपकिरी पाण्याचा एक हात म्हणजे खाचा भरतात, मग खांद्यावर आणि छातीच्या फुगवट्यावर सुती पांढऱ्याचा कोरडा ब्रश. पहिल्या सहा जणांत आणि आताच्या बारा जणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले सहा मागच्या रांगेत जातील.

डोळे रंगवत नाही. पेणचे मूर्तिकार शेवटी डोळ्यांची आखणी करतात तेव्हा मूर्तीत जीव येतो, पण ती मूर्ती हातभर तरी असते. 28 मिलिमीटरला डोळे आखले की शिपाई भूत बघितल्यासारखा दिसतो. सॅलेट नावाच्या शिरस्त्राणाची कड भुवयांपर्यंत येते. तिच्याखाली गडद सावली दिली की नजर आपोआप होते.

21 डिसेंबर

आता वर्दीचे रंग. त्या काळी गणवेश असा नव्हता, पण सरदार आपल्या माणसांना आपल्या रंगाचं जाकीट आणि त्यावर आपलं चिन्ह देत असे. वॉरिकचं सगळ्यात सोपं: लाल जाकीट, त्यावर फांद्या छाटलेला पांढरा दांडका. 1458 साली तो असे 600 लाल जाकीटवाले घेऊन लंडनमध्ये शिरला होता. बघणाऱ्याला लांबूनच कळावं हाच हेतू.

एडवर्डच्या यॉर्क घराण्याचे रंग निळा आणि मरी. मरी म्हणजे तुतीच्या फळाचा रंग. दुकानात त्या नावाची बाटली मिळत नाही आणि परदेशातले लोक जांभळा की किरमिजी यावर वाद घालत बसतात. मी आईची एक साडी समोर ठेवली. आमसुली! कोकमाचं आगळ पाण्यात टाकल्यावर येतो तो. गडद लाल दोन थेंब, जांभळा एक, तपकिरी अर्धा. अर्धं जाकीट निळं, अर्धं आमसुली, मधोमध उभी शिवण.

ऑक्सफर्डच्या माणसांना टॉनी, म्हणजे आपला कावेचा रंग, थोडा केशरीकडे झुकणारा. तुळशीवृंदावनाला लावतात तो.

प्रत्येक फळीत पाच-सहा जणांना वर्दीच दिली नाही, नुसता जॅक आणि छातीवर चिन्ह शिवलेलं. घाईघाईत जमवलेल्या फौजेत सगळ्यांना नवं जाकीट मिळालं असेल हे मला पटत नाही.

4 जानेवारी

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते काम आज सुरू केलं. सूर्य आणि तारा.

त्या काळच्या एका बखरीत गोष्ट अशी आहे. पहाटे इतकं दाट धुकं होतं की दोन्ही फौजा समोरासमोर नीट उभ्याच राहिल्या नाहीत. एकीची उजवी बाजू दुसरीच्या डाव्या बाजूच्या पुढे निघाली. ऑक्सफर्डने हेस्टिंग्जची फळी मोडली आणि तिचा पाठलाग करत त्याची माणसं बार्नेट गावात लुटीला लागली. इकडे धुक्यात उरलेली लढाई गोल फिरली. ऑक्सफर्ड माणसं गोळा करून परत आला तो शत्रूच्या पाठीवर नाही, तर वॉरिकच्या भावाच्या, माँटॅग्यूच्या माणसांवर. ऑक्सफर्डच्या माणसांच्या छातीवर आणि पाठीवर किरणांचा तारा. एडवर्डचं चिन्ह किरणांचा सूर्य. माँटॅग्यूच्या लोकांनी सूर्य समजून बाण सोडले. “फितुरी! फितुरी!” ओरडत ऑक्सफर्डची माणसं पळाली आणि वॉरिकची फळी आतून फाटली. माँटॅग्यू पडला. वॉरिक घोड्यापर्यंत पोचायच्या धडपडीत मारला गेला. भाऊगर्दी हा शब्द आपण पानिपतावरून घेतला. बार्नेटवरून इंग्रजांनी असा एखादा घ्यायला हरकत नव्हती.

मग रंगवणाऱ्याने काय करायचं? माझा पहिला तारा फार सुबक झाला. पाच टोकांचा, पांढराशुभ्र. पद्धत: वर एक रेघ, खाली दोन पाय, बाजूला दोन हात, म्हणजे हातपाय पसरलेला माणूस, मध्ये ठिपका. शून्य नंबरचा ब्रश पुरतो. तीन शून्यवाला घेऊ नका, रंग टोकावर येईपर्यंत सुकतो. टोक चांगलं हवं, ब्रश बारीक नव्हे.

पण असा तारा बघून कोण फसेल? मग टोकांच्या मधून बारीक किरणं काढली, आणि हात लांब करून बघते तर सूर्य. भाची आली होती, तिला दोन शिपाई दाखवले. “मावशी, दोन्हीकडे फुलंच आहेत.”

5 जानेवारी

भाचीचं वाक्य डोक्यातून जात नाही. चिन्हं ओळखू येतील अशी काढली तर गोष्ट खोटी. ओळखू न येतील अशी काढली तर 36 तारे आणि 36 सूर्य आखायचे कष्ट कशाला?

11 जानेवारी

मावसभाऊ मुक्कामाला आला होता. त्याचं म्हणणं, चिन्ह राहू दे, रंगाचं काय? आमसुली-निळा कुठे आणि काव कुठे. आंधळाही चुकणार नाही.

म्हणून पहाटे साडेपाचला दोघे गच्चीवर. नाशिकची थंडी, शाली गुंडाळून. कठड्यावर दोन शिपाई ठेवले आणि दहा पावलं मागे आलो. कावेचं जाकीट काळं. आमसुलीही काळं. निळा अर्धा तेवढा फिकट राखाडी दिसत होता. उजेड कमी असला की डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो आणि निळा टिकतो, हे शाळेत शिकले होते. समोर बघून वेगळंच वाटलं.

मी खूश. पण मावसभाऊ वकील आहे. “ताई, लढाई पहाटे सुरू झाली, कबूल. ऑक्सफर्ड पळणाऱ्यांच्या मागे गावापर्यंत गेला, लुटालूट झाली, परत आला. तोवर सूर्य वर आला असणार की. उजेड होता, धुकं होतं. तुझा पुरावा भलत्या वेळेचा.”

बरोबर होतं. खाली आलो, चहा घेतला आणि उजेडात पुन्हा मांडलं. या वेळी शिपायांच्या पुढ्यात आईचा बटर पेपर धरला. एक थर: रंग कळतात. दोन थर: फिकट झाले, तरी कळतात. तिसऱ्या थराला काव आणि आमसुली दोन्ही मळकट राखाडी, आणि छातीवरचा फिका डाग तेवढा शिल्लक. डाग. त्याला टोकं किती हे कळत नव्हतं.

“मान्य?”

“तीन थर धुकं होतं हे आधी शाबीत कर.”

18 जानेवारी

ठरलं. पुढच्या रांगेतल्यांची चिन्हं नीट, जवळून बघणाऱ्यासाठी. मागच्यांची खरी जशी असतील तशी: घाईने कापलेलं, वेडंवाकडं शिवलेलं कापड, एखादं टोक सुटलेलं. रंगवायला हीच जास्त कठीण. मुद्दाम वाईट काढलेली रेघ लगेच ओळखू येते.

एडवर्डच्या सूर्यामागेही गोष्ट आहे. फेब्रुवारी 1461 मध्ये मॉर्टिमर्स क्रॉसच्या लढाईआधी थंड सकाळी आकाशात तीन सूर्य दिसले. हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे असं दिसतं. माणसं घाबरली, हा अठरा वर्षांचा पोरगा म्हणाला शुभशकुन आहे, आणि जिंकला. सूर्य त्याने तेव्हापासून मिरवला असं मानतात.

8 फेब्रुवारी

निशाणं. पेटीत छापील कागद येतो, वॉरिकचं त्यावरूनच घेतलं. त्याच्या ढालीत इतक्या घराण्यांचे इतके चौकोन आहेत की हाताने काढायला बसले तर पुढचा ईस्टर उजाडेल. ऑक्सफर्डचं मात्र हाताने: चार भाग, तिरकस समोरासमोर लाल आणि पिवळे, वरच्या कोपऱ्यातल्या लालात एक पांढरा तारा. इतकं स्वच्छ निशाण दुसऱ्या कोणाकडे नाही. गंमत म्हणजे या ताऱ्याला किरणं नाहीत. काही अभ्यासकांना बखरीतली गोष्ट खटकते ती इथेच.

कागदाला फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावायचा, ओला असतानाच बोटांनी लाट द्यायची आणि कडांना रंग फिरवायचा, नाहीतर पांढरी कड लांबून चमकते. काठीला पितळी तार. धुक्यात वारा नसतो म्हणून निशाणं फडकती ठेवली नाहीत, लोंबती ठेवली. मावसभाऊ म्हणतो ओल्या टॉवेलासारखी दिसतात. दिसू देत.

1 मार्च

120 जण 40 तळांवर, तिघं-तिघं, 40 मिलिमीटरचे चौकोनी एमडीएफ. काल रात्री एका बैठकीत फेव्हिक्विकने चिकटवले. सकाळी मोजणी: ऑक्सफर्डकडे 17, एडवर्डकडे 19.

मी स्वतः, भिंग लावून, दोन महिने तेच तारे आणि तेच सूर्य आखून, पिवळ्या बल्बखाली ऑक्सफर्डचा एक माणूस एडवर्डच्या तळावर डकवला. फोटो पाठवला. मावसभावाचं उत्तर: “तीन थरांचा मुद्दा मागे घेतो. धुक्याचीही गरज नाही.”

सोडवायचा उपाय: तळ रात्रभर फ्रीजरमध्ये. गार पडला की फेव्हिक्विक ठिसूळ होतो. मटारच्या पिशवीशेजारी ठेवला, सकाळी हलका पीळ दिला, टक्‌ करून सुटला. पाय शाबूत.

22 मार्च

मैदान. प्लायवूडवर फेव्हिकॉल, चाळलेली वाळू, तपकिरी, मग कोरडा पिवळट हिरवा. उंच गवताला नारळाचा काथ्या, बोटभर तुकडे कापून उभे रोवलेले. एप्रिलमधलं इंग्लंड हिरवं असतं हे माहीत आहे, तरी दोनदा हिरवा लावून पुसला. आपल्या डोळ्याला ते श्रावणासारखं दिसतं. धुक्याला कापूस. चांगला दिसत नाही, पण उचलून हलवता येतो.

सहावा हेन्रीही झाला. वॉरिक ज्याच्या बाजूने लढत होता त्या बिचाऱ्या राजाला एडवर्डने लंडनहून कैदी म्हणून बरोबर आणलं होतं. निळा झगा, रिकामे हात.

14 एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि लढाईची तारीख एकाच दिवशी, म्हणून मुहूर्त आजचाच. जेवायच्या टेबलावर सहा फूट बाय चार फूट.

नियम आमचे. सहा इंचांपलीकडचं दिसत नाही. फळ्या सुरुवातीलाच एकमेकींपासून सरकलेल्या. पाठलागाला गेलेली तुकडी परत येताना फासा टाकायचा: 1 किंवा 2 आला तर अजून लुटीतच, 3 किंवा 4 आला तर समोर दिसेल त्या फळीवर चाल, 5 किंवा 6 आला तर वाट बरोबर सापडते. आणि धुक्यातून येणाऱ्या तुकडीवर, ती आपली असो की शत्रूची, समोरच्याने आधी बाण सोडायचे की थांबायचं हे न विचारता ठरवायचं.

मावसभाऊ वॉरिक, मी एडवर्ड. तिसऱ्या फेरीला ऑक्सफर्डने माझा हेस्टिंग्ज उधळला, अगदी इतिहासासारखा. चौथ्या फेरीला फासा: 1. पाचव्या: 2. सहाव्या: 1. ऑक्सफर्डचे अठराच्या अठरा जण टेबलाच्या कडेला बार्नेट गावात लुटीत रमले आणि परत आलेच नाहीत. सातव्या फेरीत ग्लॉस्टरने वॉरिकची डावी बाजू मोडली. हा ग्लॉस्टर म्हणजे एडवर्डचा 18 वर्षांचा धाकटा भाऊ, पुढचा तिसरा रिचर्ड. मी जिंकले, पण तारा आणि सूर्य एकदाही समोरासमोर आले नाहीत.

जेवून दुसरा डाव. या वेळी ऑक्सफर्डला 6 पडला, तो बरोबर माझ्या पाठीवर आला आणि एडवर्ड संध्याकाळच्या चहाआधी गारद.

19 एप्रिल

मॅट वार्निशचा दुसरा हात दिला. ठेवायची सोय अशी: प्रत्येक तळाखाली छोटं लोहचुंबक आणि डबा. फराळाचे स्टीलचे डबे काढले तर त्याला चुंबक चिकटेचना. सगळं स्टील लोहचुंबकाला धरत नाही. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा लागतो. दोन मिळाले. एकात वॉरिक, एकात एडवर्ड. ऑक्सफर्डला तिसरा शोधतेय. तोवर तो मावळ्यांशेजारी टेबलावर.

मावसभावाला तिसरा डाव हवाय, मे महिन्यात. त्याआधी एडवर्डचे फ्लेमिश बंदुकवाले रंगवायचे राहिलेत.